कानात डूल घातलेला मासा

नेसरीचं नाव निघालं की आठवतात ते प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा स्वार. साल १६७४, महिना फेब्रुवारी. आमच्या गावच्या माणसानं इतिहासावर बोलायचं तर खिंडीवरच बोलायचं, असा जणू रिवाज आहे. आज तो मोडून मी एका माशाविषयी बोलणार आहे. कारण आमच्याकडेही आता दिवाणखान्यात काचेच्या पेट्या आल्या आहेत. गोड्या पाण्यातल्या गोल्डफिशवरून हौस खाऱ्या पाण्यावर गेली, आणि परवा माझ्या भाच्यानं विचारलं, ''मामा, मोरे ईल ठेवू का?''

या 'मोरे'चा जावळीच्या मोऱ्यांशी काही संबंध नाही. लॅटिनमधली मुरेना पोर्तुगिजांकडे मोरेया झाली आणि इंग्रजीत मोरे. आमच्या घटप्रभेत वाम सापडते, तशीच ही लांब, सापासारखी. पण कूळ वेगळं. अंगावर खवले नाहीत, छातीशी पर नाहीत. दिवसभर खडकाच्या कपारीत बसून फक्त तोंड बाहेर काढायचं आणि ते सारखं उघडायचं-मिटायचं. बघणाऱ्याला वाटतं, आता चावणार. खरं तर ती श्वास घेत असते. कल्ल्यांवरून पाणी जावं म्हणून तोंडाची ही हालचाल. आणखी एक गंमत आहे. तिच्या घशात जबड्याची दुसरी जोडी असते. पुढच्या दातांनी भक्ष्य धरलं की ही जोडी पुढे येऊन त्याला आत ओढते. हे कसं घडतं ते रिटा मेहता आणि पीटर वेनराइट या संशोधकांनी २००७ साली दाखवून दिलं.

ही मुरेना पाळायची हौस मात्र दोन हजार वर्षांची आहे. रोमन श्रीमंतांनी नेपल्सच्या किनाऱ्यावर खडक खोदून तळी केली, समुद्राचं पाणी आत-बाहेर खेळावं म्हणून पाट काढले आणि त्यांना जाळ्या बसवल्या. प्लिनी हा रोमन ग्रंथकार सांगतो, की हिरियस नावाच्या गृहस्थानं ज्युलियस सीझरच्या विजयाच्या मेजवानीसाठी सहा हजार मुरेना दिल्या. विकत नव्हे, वजन करून उसन्या! त्याचं घर साधंच होतं, पण तळ्यांमुळे ते चाळीस लाख सेस्टर्सना विकलं गेलं. हॉर्टेन्सियस या नामांकित वकिलाला आवडती मुरेना मेली तेव्हा रडू आलं. पुढे त्याच बंगल्यात अँटोनिया या राजघराण्यातल्या बाईनं आपल्या लाडक्या मुरेनेला डूल घातले आणि ते बघायला लोक गर्दी करू लागले. माशाला कान कुठे असतात, हा प्रश्न त्या गर्दीत कुणाला पडला असेल असं वाटत नाही.

इथवर हसायला हरकत नाही. पण वेडियस पोलिओची गोष्ट ऐकताना हसू मावळतं. हाही मुरेना पाळणारा. सम्राट ऑगस्टस त्याच्याकडे जेवायला आला असताना एका गुलामाच्या हातून स्फटिकाचा पेला फुटला. पोलिओनं हुकूम सोडला, याला मुरेनांच्या तळ्यात टाका. तो पोरगा निसटून सम्राटाच्या पायांवर पडला. त्यानं जीव मागितला नाही, निदान दुसऱ्या तऱ्हेनं मारा एवढंच मागितलं. ऑगस्टसनं त्याला सोडवलं, घरातले सगळे स्फटिकाचे पेले समोर फोडायला लावले आणि ते तळं बुजवायला सांगितलं. सेनेकानं ही हकीकत क्रोधावरच्या ग्रंथात लिहून ठेवली आहे. दोन हजार वर्षं आपण मुरेनेला क्रूर म्हणत आलो. त्या जेवणघरात क्रूर कोण होतं?

काळजीनं पाळणारेही त्या काळी होते. कोलुमेला हा शेतीवर लिहिणारा लेखक सांगतो, की मुरेनांसाठी तळ्यात वळणावळणाच्या कपारी ठेवा, आणि इतर माशांत त्यांना मिसळू नका. पिसाळल्या तर बाकीच्यांचा फडशा पाडतील. आजच्या हौशी माणसाला यापेक्षा फार वेगळं सांगावं लागत नाही.

काचेची पेटी आली ती एकोणिसाव्या शतकात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉसच्या पुस्तकानं ही हौस घरोघर नेली. पण प्रवाळ घरात जगवण्याची युक्ती आशियातल्या माणसाची. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवाणूंनी भरलेले खडकच पेटीत ठेवले आणि १९६१ साली ती पद्धत लिहून प्रसिद्ध केली. पाणी शुद्ध राखण्याचं काम ते खडकच करतात.

भाच्याला मी आधी हिशेब सांगितला. त्यातल्या त्यात लहान म्हणजे स्नोफ्लेक मुरेना. तीही दोन-अडीच फूट होते. तिला तीनशे लिटरची पेटी हवी, म्हणजे पहिल्या भरणीलाच दहा किलोंवर मीठ, तेही खास तयार केलेलं. आपलं खडेमीठ चालत नाही. झाकण घट्ट हवं, नाहीतर रात्रीतून ती फरशीवर. कोळंबी-खेकडे तर तिचं जेवणच. ती प्रवाळ खात नाही, पण खडक ढकलून पाडते, आणि तिच्या विष्ठेनं पाणी इतकं बिघडतं की नाजूक प्रवाळ टिकत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल ते सांगता येत नाही, आणि पंप बंद पडला की पेटीतला प्राणवायू संपत जातो.

हे सगळं त्यानं मान हलवत ऐकलं. तो थांबला दोन गोष्टींवर. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणारे प्रवाळ आले. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. म्हणजे परदेशी चित्रफितींत दिसते तशी जिवंत प्रवाळाची पेटी आपल्याकडे घरात मांडता येत नाही. आणि बाजारात येणारी मुरेना पेटीत जन्मलेली नसते. तिचं पिल्लू पानासारखं चपटं, काचेसारखं पारदर्शक असतं आणि खुल्या समुद्रात कित्येक महिने वाहत राहतं. ते माणसाला सहज वाढवता येत नाही. म्हणून विकली जाणारी जवळपास प्रत्येक मुरेना कुठल्या तरी कपारीतून पकडून आणलेली असते.

भाच्यानं पेटीचे पैसे अजून मोडलेले नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत आंबोली घाट उतरून मालवणला जायचं, सिंधुदुर्गाच्या आसपासच्या पाण्यात डोकं घालून प्रवाळ बघायचं, असं सध्या त्याच्या मनात आहे. मला पोहता येत नाही, तेव्हा मी होडीत बसणार.