डीजे कोणालाही होता येतं का?

मैत्रिणींनो, अमडापुरात डीजे म्हटलं की वरातीपुढची गाडी आठवते. मूळ डीजे म्हणजे मात्र गाण्यांच्या तबकड्या लावून मधे मधे बोलणारा माणूस.

१९५२ मध्ये मंत्री बाळकृष्ण केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटली. लोकांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. तिथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ लागायची. हेच सयानी आधी आकाशवाणीच्या हिंदी चाचणीत उच्चारांवरून नापास झाले होते!

त्यांची आई कुलसुम सयानी मुंबईत घरोघरी जाऊन बायांना अक्षरं शिकवत. नवसाक्षरांसाठी त्या ‘रहबर’ हे पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती लिपीत काढत. त्या कामात आईला मदत करता करताच पोराची भाषा सोपी झाली. पुढे रेडिओवर ते आधी बहिणींना हाक मारत, मग भावांना.

गळा गोडच हवा, असं गटात कोणी म्हणालं तर आम्हाला पटत नाही. बटणं तर चार दिवसांत येतात. चुलीपुढच्या बाईला कळेल असं बोलणं मात्र रोज घासावं लागतं.

२००६ पासून सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवता येतो. साताऱ्यात म्हसवडला २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग’ सुरू झालं, ते त्यामुळेच.