केमची पाटी आणि जुहूची धावपट्टी

३० जानेवारी २०२३. दिल्लीच्या विमानतळावर पाटण्याचे तिकीट घेतलेला एक प्रवासी इंडिगोच्या विमानात बसला, पट्टा बांधला आणि उतरला तो उदयपूरला. पाटणा पूर्वेला, उदयपूर नैर्ऋत्येला. बोर्डिंग पास, सुरक्षा तपासणी, दारातली पडताळणी, एवढ्या चाळण्यांतून एक माणूस निसटलाच कसा? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. (धागा)

तो नीट समजून घ्यायचा तर विमानतळ थोडा वेळ बाजूला ठेवून सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात, केम या गावी जावे लागते. कुंकवासाठी महाराष्ट्रभर ठाऊक असलेले हे गाव मुंबई–मद्रास लोहमार्गावर आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने पुण्याहून दिकसाळपर्यंतचा मार्ग १८५८ च्या डिसेंबरात खुला केला. पुढे भीमा ओलांडून बार्शी रोडपर्यंतचा टप्पा २३ ऑक्टोबर १८५९ रोजी सुरू झाला, आणि केमच्या शिवारात आगगाडीची शिटी ऐकू येऊ लागली.

त्याआधीचा प्रवासी चुकत नव्हता असे नाही. पण तो स्वतःच्या पायांनी चुकत असे. दोन कोस चालल्यावर वाटेतला गुराखी सांगे, ‘पाव्हणं, करमाळ्याची वाट मागं राहिली.’ तो मागे फिरे. बैलगाडीतही हेच. आगगाडीने प्रथमच असा प्रसंग निर्माण केला की माणूस स्वस्थ बसून, कोणतेही पाऊल न उचलता, ताशी वीस-पंचवीस मैलांनी भलत्या दिशेला जाऊ शकतो आणि मध्ये थांबवण्याची सोय त्याच्या हाती नसते. वाट ओळखण्याचे काम प्रवाशाकडून काढून घेतले गेले. मग ते कोणाकडे तरी सोपवणे भाग होते.

ते दोन वस्तूंकडे गेले. पहिली वस्तू पुठ्ठ्याचे तिकीट. टॉमस एडमंडसन या इंग्लंडातील स्टेशनमास्तराने १८३० च्या दशकात ते घडवले: छापील ‘कोठून–कोठे’, क्रमांक आणि तारखेचा ठसा. भारतात संगणक येईपर्यंत हेच इवलेसे तिकीट चालत राहिले. दुसरी वस्तू म्हणजे फलाटाच्या टोकाची पाटी. आजची पाटी पिवळी, अक्षरे काळी, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. महाराष्ट्रात तिची एक गंमत होते. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत असल्याने बहुतेक स्थानकांवर एकच नाव दोनदा लिहिलेले दिसते. केमचे नावही मराठीत केम आणि हिंदीतही केमच.

तिकीट सांगते कोठे जायचे. पाटी सांगते कोठे आलो. या दोहोंचा मेळ प्रवाशाने स्वतः घालायचा. सारी व्यवस्था या साध्या करारावर उभी होती.

तरीही ती फसवी ठरू शकत असे. केमच्या पुढचे मोठे स्थानक म्हणजे आजचे कुर्डुवाडी. त्याचे जुने नाव ‘बार्शी रोड’. नावात बार्शी, पण बार्शी तेथून सुमारे ३५ किलोमीटर दूर. ‘रोड’ या शब्दाचा अर्थ एवढाच की येथून बार्शीला रस्ता जातो. गाडी बरोबर, तिकीट बरोबर, पाटी बरोबर. आणि उतरलेला नवखा प्रवासी मात्र माळरानावर उभा! १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळांवरून धावू लागली, तेव्हा कोठे स्थानकाचे नाव आणि गाव यांची गाठ पडली. जर्मनीतले हान विमानतळ ‘फ्रँकफुर्ट’ या नावाने स्वस्त तिकिटांवर झळकत असे, आणि खरे फ्रँकफुर्ट तेथून शंभरहून अधिक किलोमीटरवर. बार्शी रोडची ही आधुनिक आवृत्ती म्हणायची. फरक इतकाच की रेल्वेने निदान ‘रोड’ हा शब्द तरी प्रामाणिकपणे जोडला होता.

आता आकाशाकडे वळू. तेथे पाटी कोण लावणार?

आरंभीच्या वैमानिकांनी यावर सोपा उपाय काढला: रेल्वेचीच पाटी वाचायची. ढग खाली असले, वाट हरवली, की विमान खाली आणून रूळ धरायचे आणि स्थानकाचे नाव वाचून नकाशाशी ताडून पाहायचे. ब्रिटिश वैमानिकांच्या बोलीत अशा उड्डाणाला ‘ब्रॅडशॉ’ म्हणत. ब्रॅडशॉ हे तिकडच्या सुप्रसिद्ध रेल्वे वेळापत्रकाचे नाव. अमेरिकेने १९३५ पासून पुढची पायरी गाठली. फीबी ओमली यांच्या पुढाकाराने तेथे गावोगावच्या छपरांवर मोठ्या अक्षरांत गावांची नावे रंगवण्याची सरकारी मोहीम निघाली. मोहिमेत काम करणाऱ्या बहुतेक जणी स्वतः विमान चालवणाऱ्या स्त्रिया होत्या. पुढे महायुद्ध आले आणि त्यांच्यापैकीच ब्लँच नॉइस यांना ही नावे शत्रूच्या उपयोगी पडू नयेत म्हणून हजारोंच्या संख्येने पुसून टाकावी लागली. १९४० मध्ये ब्रिटननेही याच भीतीने स्थानकांच्या पाट्या उतरवल्या. पाटी म्हणजे केवढी शक्ती असते, हे ती काढण्याची वेळ आल्यावर सरकारांना उमगले.

मुंबईची कथा येथेच सुरू होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एका छोट्या पस मॉथ विमानातून जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहू तेव्हा समुद्रालगतची चिखलट जमीन. पावसाळ्यात ती निरुपयोगी होई आणि टाटांचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. दुसऱ्या महायुद्धात जवळच सांताक्रूझला लष्करी विमानतळ झाला, आणि युद्धानंतर मुंबईची मोठी प्रवासी वाहतूक तिकडे गेली. जुहू मात्र बंद झाले नाही. छोट्या विमानांसाठी ते राहिले.

परिणाम असा की एकाच शहरात, एकमेकांपासून अवघ्या काही किलोमीटरांवर, दोन धावपट्ट्या उरल्या. दोहोंच्या दिशाही जवळजवळ एकच. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे होकायंत्रावरील तिच्या दिशेच्या अंशांचा दहावा भाग. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी ०९, म्हणजे साधारण ९० अंश, थेट पूर्व. जुहूची ०८, म्हणजे साधारण ८० अंश. पश्चिमेकडून, समुद्रावरून येणाऱ्या वैमानिकाला जुहू आधी दिसते, सांताक्रूझ नंतर. जाळे कोणी मुद्दाम विणले असते तरी याहून चांगले जमले नसते.

पहिला मोठा मासा १९५३ मध्ये अडकला. ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेजचे कॉमेट, म्हणजे जगातील पहिले प्रवासी जेट, सांताक्रूझऐवजी जुहूवर उतरले. उतरले ते सुखरूप, पण इतक्या आखूड पट्टीवरून पुन्हा उडायचे कसे? काही दिवस ते विमान तेथेच पाहुणचार घेत राहिले आणि मग हलके होऊन उडाले.

दुसऱ्या वेळी दैवाने एवढी सूट दिली नाही. २४ सप्टेंबर १९७२ च्या सकाळी लंडनहून टोकियोकडे निघालेले जपान एअरलाइन्सचे ४७२ क्रमांकाचे उड्डाण मुंबईच्या जवळ आले. विमान डीसी-८, चार इंजिनांचे. परवानगी होती सांताक्रूझच्या ०९ वर डोळ्यांनी पाहून उतरण्याची. डोळ्यांना समोर एक धावपट्टी दिसली, दिशाही पटली, आणि विमान उतरले जुहूच्या सुमारे ११४३ मीटर लांबीच्या पट्टीवर. ती संपली तरी विमान थांबले नाही आणि पलीकडच्या खड्ड्यात जाऊन आदळले. कोणीही मृत्युमुखी पडले नाही. विमान मात्र पुन्हा उडण्याजोगे उरले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये याच कंपनीचे आणखी एक डीसी-८ दिल्लीत उतरताना यमुनेकाठी कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली होती, हे लक्षात घेतले की जुहूच्या त्या खड्ड्याचे उपकार किती मोठे होते ते कळते.

येथे वैमानिकाला मूर्ख ठरवणे सोपे आहे आणि चुकीचेही. माणसाचा डोळा पाहतो त्याहून अधिक जुळवतो. जे दिसायला हवे ते साधारण त्याच जागी, साधारण त्याच दिशेला दिसले की मन ‘हेच ते’ म्हणून मोकळे होते. पुढचे विसंगत पुरावे मग पुरावेच वाटत नाहीत. घाईत भलत्याच डब्यात चढलेला प्रवासीही असाच असतो. डबा तोच, फलाट तोच, वेळ साधारण तीच.

लंडनमध्ये हेच घडले होते. १९६० मध्ये पॅन अ‍ॅमचे बोइंग ७०७ हीथ्रोऐवजी जवळच्या नॉर्थोल्टच्या लष्करी तळावर उतरले. त्यानंतर इंग्रजांनी केलेला उपाय मोठा मजेदार आहे. दोन्ही तळांच्या वाटेवर गॅसच्या अवाढव्य टाक्या होत्या. साउथॉलच्या टाकीवर हीथ्रोसाठी ‘एल-एच’ ही अक्षरे आणि बाण, साउथ हॅरोच्या टाकीवर नॉर्थोल्टसाठी ‘एन-ओ’. जेटचे युग, रडारचे युग, आणि उपाय कोणता? स्थानकाची पाटी!

वैमानिकाच्या चुकीवर पुढे यंत्रांनी बराच आळा घातला. प्रवाशाची चूक मात्र वेगळ्या जातीची. विमानाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला विमान कोठे जाणार हे विमानाकडे पाहून कळत नाही. सगळी विमाने सारखी, सगळे गणवेश सारखे, बसमधून धावपट्टीच्या कडेला नेले की सगळे डांबर सारखे. तेथे पाटीचे काम कागद करतो. १९२९ च्या वॉर्सा कराराने विमानाच्या तिकिटावर निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण लिहिणे आवश्यक केले. भारताने १९३४ मध्ये तसा कायदा केला आणि १९७२ मध्ये, जुहूच्या अपघाताच्याच वर्षी, त्याच्या जागी नवा आणला.

पण कागदावरची नावेही दगा देतात. २००२ मध्ये एक तरुण ब्रिटिश जोडपे ऑस्ट्रेलियातील सिडनीला म्हणून निघाले आणि कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या सिडनीला पोहोचले. केमचेही असेच आहे. रशियाच्या कारेलिया प्रांतात, श्वेत समुद्राकाठी, केम नावाचे गाव आहे आणि तेही रेल्वे स्थानकच. आणि आपल्या केम स्थानकाची जी तीन अक्षरी खूण रेल्वे वापरते, ‘के-ई-एम’, तीच विमानांच्या जगात फिनलंडमधील केमी-टोर्निओ विमानतळाची खूण आहे. करमाळ्याचा प्रवासी बर्फात पोहोचल्याची बातमी अद्याप नाही, हे सुदैव.

कधी तर माणसे बरोबर बसतात आणि विमानच चुकते. २५ मार्च २०१९ रोजी लंडनहून जर्मनीतील ड्युसेलडॉर्फला निघालेले ब्रिटिश एअरवेजचे विमान स्कॉटलंडमधील एडिनबरोला उतरले. वैमानिक वाट चुकला नव्हता. त्याच्या हाती दिलेला उड्डाणाचा आराखडाच एडिनबरोचा होता, आणि त्याने तो इमानेइतबारे पाळला.

हे सारे हसण्यावारी नेता आले असते. १९८५ ने ती मुभा काढून घेतली. त्या वर्षी व्हँकुव्हरला एका प्रवाशाच्या नावाने एक बॅग विमानात चढवली गेली. प्रवासी स्वतः चढलाच नाही. ती बॅग टोरंटोत एअर इंडियाच्या विमानात गेली आणि २३ जून रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘कनिष्क’ स्फोटात नष्ट झाले. ३२९ माणसे गेली. तेव्हापासून माणूस आणि त्याचे सामान एकाच विमानात आहे की नाही, हे ताडून पाहणे आंतरराष्ट्रीय नियमांत आले.

म्हणून पाटण्याऐवजी उदयपूर ही नुसती गैरसोय ठरत नाही. एक माणूस भलत्या विमानात बसला की एकाच वेळी दोन याद्या खोट्या होतात: एकीत तो आहे पण विमानात नाही, दुसरीत तो नाही पण विमानात आहे. त्याने सामान दिले असेल तर ते मालकाविना तिसरीकडेच उडते. आणि डोकी मोजण्याने ही चूक नेहमी सापडेलच असे नाही. एक भलता चढला आणि खरा एक राहून गेला, की बेरीज चोख जुळते. मोजणी संख्या पाहते, नाव पाहत नाही.

२०२३ च्या त्या प्रवाशाने उदयपूरला उतरल्यावर तक्रार केली, त्याला परत दिल्लीला आणले गेले आणि दुसऱ्या दिवशी तो पाटण्याला पोहोचला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशीचा आदेश दिला. विचारणा नेमकी हीच होती की बोर्डिंग पास दोन ठिकाणी तपासला जाणे आवश्यक असताना तो उदयपूरच्या विमानात बसलाच कसा.

मुंबईच्या वाट्याला आता हा पेच पुन्हा आला आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. जुन्याची खूण अजूनही बॉम्बेवरून आलेली ‘बी-ओ-एम’, नव्याची ‘एन-एम-आय’. तिकिटावर शहराचे नाव वाचून निघालेल्याला ही तीन अक्षरे पाहिल्याशिवाय टॅक्सीवाल्याला पत्ता सांगता येणार नाही. आणि नव्या विमानतळाच्या धावपट्टीचा क्रमांक आहे ०८, जुहूचाच.