फौजी आणि टपालवाले आजोबा

पौर्णिमेच्या वंदनेला विहारात पुढच्या रांगेत बसणारे एक आजोबा लाखांदूरच्या पोरांना नुसते 'आजोबा' म्हणूनच ठाऊक आहेत. तरुणपणी ते महार रेजिमेंटमध्ये होते आणि १९७१ च्या लढाईच्या वेळी सीमेवर होते. गावी परतल्यावर वयाची पासष्टी होईपर्यंत त्यांनी टपालाची थैली वाहिली. या दोन नोकऱ्यांच्या मागे आपल्या समाजाचा मोठा इतिहास आहे.

निरोप पोचवणे हे काम आपल्या पूर्वजांना नवे नव्हते. देशावर आणि कोकणात महारकीचे वतन होते, तर आपल्या मध्य प्रांतात गावची कोतवाली. साहेब आला की ओझे उचला, सरकारी कागद तालुक्याला न्या, मयताचा सांगावा गावोगाव द्या. ऊन असो की पाऊस, नाही म्हणायची सोय नव्हती. या वेठीतून सुटण्याची एक वाट फौजेतून जात होती. तिथे पगार होता, शिक्षण होते, अंगावर वर्दी होती.

परंतु १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची भरतीच बंद केली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. पुढे १९४१ मध्ये परमपूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण स्थापन झाली. दुसरी पलटण आपल्या जवळच्या कामठीला उभी राहिली. आजोबांच्या अंगावर जी वर्दी चढली, तिच्यामागे पन्नास वर्षांचे अर्ज आणि झगडा आहे.

फौजेत असताना घरच्या पत्रावर '५६ एपीओ' एवढाच पत्ता असे. पलटण कुठे आहे हे शत्रूला कळू नये म्हणून गावाचे नाव लिहायचे नाही. सेनेच्या टपाल खात्याचे केंद्रही कामठीलाच आहे. आजोबा म्हणतात, "चिठ्ठी आली का दोन दिवस भूक लागत नव्हती." म्हणूनच गावी परतल्यावर टपालाचे काम त्यांना हलके वाटले नाही. पावसाळ्यात चुलबंदला पूर आला की थैली डोक्यावर धरून ते पाण्यातून जात.

पण बंधूंनो, या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खेड्यातला टपालवाहक हा खात्याचा कायम नोकर नव्हता, 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल' होता. दिवसाचे काही तास काम आणि पगाराऐवजी भत्ता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हे मुलकी पद आहे आणि संविधानाच्या ३११ व्या कलमाचे संरक्षण या माणसांना आहे. म्हणजे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय त्यांना काढता येणार नाही. २००१ मध्ये नाव बदलून 'ग्रामीण डाक सेवक' झाले. कायम नोकरासारखी पेन्शन मात्र आली नाही. आजोबा हसून सांगतात, "फौजेचं पेन्शन येते, थैलीचं नाही येत. पण माझा आजा फुकट धावला, मी सही करून पैसे घेतले. आन् नको म्हणाची सोय होती मले."

नको म्हणायची ही सोय बाबासाहेबांनी मिळवून दिली. वेठ आणि नोकरी यांच्यात एवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे. मात्र केलेल्या कामाचा पुरता मोबदला मिळायचा अजून बाकी आहे, हेही विसरू नये.

तरुणांना एकच विनंती. घरच्या पेटीत आजोबांचे डिस्चार्ज बुक, पदके, जुनी पत्रे असतील तर वाळवी लागण्याआधी बाहेर काढा आणि त्यांच्याजवळ बसून सारे लिहून घ्या. ही माणसे आहेत तोवरच हा इतिहास त्यांच्या तोंडून ऐकता येईल.

जयभीम!