लैंगिकता आणि लिंगभाव यांच्या संज्ञा

लैंगिकता आणि लिंगभाव यांच्या संज्ञा म्हणजे व्यक्तीला कोणाविषयी आकर्षण वाटते (लैंगिक कल) आणि ती स्वतःला स्त्री, पुरुष वा अन्य काही मानते (लिंगभाव ओळख) हे सांगण्यासाठी वापरली जाणारी नावे. समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी, तृतीयपंथी, हिजडा, जोगता ही त्यांपैकी काही होत. कल आणि ओळख या दोन स्वतंत्र बाबी आहेत. पारलिंगी व्यक्तीचा कल कोणताही असू शकतो, आणि समलिंगी पुरुष स्वतःला पुरुषच मानतो. या संज्ञांमुळे हक्क मागता येतात, पण माणसाचे प्रत्यक्ष जीवन त्यांत पूर्णपणे मावत नाही. म्हणून संज्ञांपलीकडे जाऊन हा विषय समजून घ्यावा, असा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे आला.

संज्ञांचा उगम

समलिंगी आकर्षण सर्व काळांत आढळते. मात्र त्यावरून माणसाचा एक स्वतंत्र प्रकार ठरविण्याची पद्धत त्या मानाने अलीकडची आहे. आज समलिंगी या अर्थाने जगभर रूढ असलेला युरोपीय शब्द कार्ल-मारिया केर्टबेनी या लेखकाने १८६९ मध्ये छापील स्वरूपात प्रथम वापरला. अशा संबंधांना शिक्षा देणाऱ्या प्रशियातील कायद्याला विरोध करणाऱ्या निनावी पत्रकात तो आला होता. म्हणजे हा शब्द जन्मला तो माणसांच्या बाजूने. पुढे क्राफ्ट-एबिंग यांच्या १८८६ च्या ग्रंथासारख्या वैद्यकीय लेखनातून तोच शब्द एका विकृतीचे नाव बनला. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले. फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांनी १९७६ मध्ये मांडले की, पूर्वी जे एक कृत्य गणले जाई, त्याचे एकोणिसाव्या शतकात एका विशिष्ट जातीच्या माणसात रूपांतर झाले.

भारतात याच काळात सरकारी वर्गीकरणाचा फटका बसला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजडे आणि स्त्रीवेश करणारे अन्य पुरुष यांना एकाच इंग्रजी शब्दाखाली गोळा करून त्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. नोंद झालेल्या व्यक्तीने सार्वजनिक ठिकाणी स्त्रीवेशात नाचगाणे केले, तर तिला अटक होऊ शके. अशी यादी करणाऱ्याच्या हाती सत्ता असली की वर्गीकरण निरुपद्रवी राहत नाही.

श्रेणी आणि प्रवाह

अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ आल्फ्रेड किन्से यांनी पुरुषांविषयी १९४८ मध्ये आणि स्त्रियांविषयी १९५३ मध्ये अहवाल प्रसिद्ध केले. त्यांनी ० ते ६ अशी श्रेणी वापरली: ० म्हणजे केवळ भिन्नलिंगी आणि ६ म्हणजे केवळ समलिंगी अनुभव. बरीच माणसे मधल्या अंकांवर आढळली. किन्से यांच्या नमुनानिवडीवर रास्त टीका झाली असली, तरी दोन कप्प्यांची कल्पना त्यामुळे कायमची डळमळली.

मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी सुमारे शंभर अमेरिकी स्त्रियांच्या दहा वर्षे वेळोवेळी मुलाखती घेतल्या. त्यांचे पुस्तक २००८ मध्ये आले. या स्त्रियांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणींनी त्या काळात स्वतःसाठी वापरलेली संज्ञा निदान एकदा बदलली होती. या निष्कर्षाचा विपरीत अर्थ लावला जातो, म्हणून येथे थांबणे आवश्यक आहे. संज्ञा आपणहून बदलणे वेगळे आणि दुसऱ्याने उपचाराच्या नावाखाली कल बदलू पाहणे वेगळे. असे उपचार परिणामकारक नाहीत आणि त्यांनी हानी होते. भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ते व्यावसायिक गैरवर्तन ठरविले.

मराठी भाषेतील अडचण

मराठीत हा प्रश्न शब्दकोशापुरता नाही, तो क्रियापदापर्यंत पोचतो. इंग्रजी बोलणाऱ्याला स्वतःविषयी बोलताना लिंग सांगावे लागत नाही. मराठी माणसाला ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’ यांतून एक निवडावेच लागते. ‘मी जाईन’, ‘मला जायचे आहे’, ‘मी भाकरी खाल्ली’ अशा रचनांत मात्र बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही. व्याकरणात नपुंसकलिंग आहे खरे, पण प्रौढ माणसासाठी ते वापरणे अवमानकारक वाटते. कोल्हापूर-सांगली भागात स्त्रियाही सहज ‘मी येतो’ म्हणतात आणि त्यामुळे त्यांच्या स्त्रीत्वाला बाध येत नाही. शाळेत आम्ही शिक्षक अशी वाक्ये लाल शाईने दुरुस्त करीत असू; त्या दुरुस्तीची गरज होती का, असा प्रश्न आता पडतो.

शब्दांचाही गोंधळ आहे. ‘उभयलिंगी’ हे विशेषण विज्ञानाच्या पुस्तकात गांडुळाला लागते आणि स्त्री व पुरुष दोघांविषयी आकर्षण वाटणाऱ्या माणसालाही. ‘तृतीयपंथी’ हा शब्द हिजडा समाजासाठी रूढ झाला असला, तरी प्रत्येक पारलिंगी व्यक्तीला तो मान्य नसतो. पारलिंगी पुरुषाला तर तो मुळीच लागू पडत नाही.

देशी परंपरांतील काही नावे निराळ्याच निकषावर उभी आहेत. हिजडा समाजात गुरू-चेल्याचे नाते आणि घराणे महत्त्वाचे असते. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला सोडलेला, लुगडे नेसणारा जोगता देवीच्या सेवेमुळे जोगता ठरतो. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांत, तसेच त्यांवर आधारलेल्या ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटात हे जग येते. तेथे सक्ती आणि दारिद्र्यही आहे. त्यामुळे जुन्या परंपरेत सर्व ओळखींना मोकळीक होती, हे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

कायदा आणि नोंदणी

२०११ च्या जनगणनेत स्त्री व पुरुष यांखेरीज ‘इतर’ हा पर्याय प्रथमच होता आणि देशभरात सुमारे ४.८८ लाख व्यक्तींची नोंद त्यात झाली. त्यात कुटुंबाने तसे सांगितलेली लहान मुलेही आहेत. उलट, ओळख लपवून जगणारे अनेक त्यात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा खटल्यात आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदा ठरविले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीने होणारे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले गेले. २०१९ मध्ये संमत झालेल्या पारलिंगी व्यक्तींच्या कायद्यात ओळखपत्रासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याची आणि स्त्री वा पुरुष अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेचा दाखला देण्याची तरतूद होती. २०१४ च्या निकालातील स्वयंनिर्णयाशी ती विसंगत असल्याची टीका झाली.

अर्जातल्या एका रकान्याचे मोल किती असते, हे महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिसले. पोलीस शिपाई भरतीच्या अर्जात पारलिंगी व्यक्तींसाठी पर्यायच नव्हता, त्यामुळे त्यांना अर्जच करता येत नव्हता. मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यानंतर तो पर्याय देण्यात आला.

मतभेद

संज्ञांपलीकडे जाण्याच्या भूमिकेवर चळवळीतूनच आक्षेप घेतला जातो. ज्याचे नाव कागदावर नाही त्याला शिधापत्रिका, आरक्षण वा संरक्षण मागता येत नाही, असे कार्यकर्ते म्हणतात. एकाकी तरुणाला आपल्यासारखे आणखी लोक आहेत हे प्रथम एखाद्या शब्दातूनच कळते, हाही अनुभव आहे. एड्सविषयक कामात १९९० च्या दशकापासून ‘पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष’ असे केवळ वर्तनावर आधारलेले वर्णन वापरले जाऊ लागले. स्वतःला समलिंगी न म्हणवणाऱ्या विवाहित पुरुषांपर्यंत पोचण्यास ते उपयोगी पडले. पण त्यात प्रेम, सहजीवन आणि आत्मभान यांचा उल्लेखच उरला नाही, आणि कोथी म्हणवणाऱ्या, स्वतःला स्त्री मानणाऱ्या अनेकांची गणना पुरुषांत झाली.

व्यवहारात सध्या सर्वमान्य होत असलेला संकेत असा की, व्यक्ती स्वतःसाठी जी संज्ञा आणि जे क्रियारूप वापरते, तेच तिच्याविषयी लिहिताना वापरावे. तिने काही सांगितलेले नसल्यास अनुमान करू नये. चरित्रपर लेखांत ‘त्यांनी’, ‘यांचा’ अशी आदरार्थी रूपे यासाठी बऱ्याच अंशी पुरी पडतात.