जीपगाडीचे मूळ घर

आलापल्लीहून सिरोंच्याकडे किंवा भामरागडकडे ज्यांनी जीपमधून प्रवास केला आहे, त्यांना ही गाडी घरच्यासारखी परिचित आहे. परंतु तिचे स्वतःचे घर कोणते, असे कोणी विचारले तर एका शब्दात उत्तर देता येणार नाही.

१९४० साली अमेरिकेच्या लष्कराला हलकी, चारही चाके ओढणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम नावाच्या लहानशा कंपनीने करून दिला. लष्कराने तिचे आराखडे विलिस आणि फोर्ड या कंपन्यांपुढे ठेवले. चाचण्यांत विलिसचे इंजिन सरस ठरले. पण एकट्या विलिसकडून मागणी पुरी होईना, म्हणून १९४१ मध्ये फोर्डनेही तीच गाडी त्याच इंजिनासह बनवण्यास घेतली. फोर्डने आपल्या बोल्टांवर ‘एफ’ हे अक्षर तेवढे उमटवले. एकीचा भाग दुसरीला बिनतक्रार बसे. दोघींनी मिळून सहा लाखांवर गाड्या केल्या. बँटमच्या वाट्याला तीन हजारही आल्या नाहीत.

आपल्याकडे १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. आरंभी भाग परदेशातून येत; हळूहळू ते येथेच घडू लागले. पुढे डिझेल इंजिनाची गरज भासली, तेव्हा १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने निघालेल्या ट्रॅक्टर कंपनीचे इंजिन उपयोगी पडले. त्यानंतर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनलेले डिझेल इंजिन आले. अंग अमेरिकेचे, इंजिन आधी शेतातले, मग फ्रान्सचे; नाव मात्र जीपच!

यात कमीपणा काही नाही. दुसऱ्याचे घेऊन शिकल्यावाचून कोणताही उद्योग उभा राहिलेला नाही. पण कागदावरचा आराखडा आपोआप इंजिन होत नाही. ओतकाम करणारा, लेथवर कातणारा, जुळणी करणारा कामगार त्याचे इंजिन करतो. परवान्याच्या करारावर त्याची सही नसते. करार संपला तरी हातातली विद्या मात्र त्याच्यापाशीच राहते.

आराखडे वाटून घेता येतात, हे कारखानदारांनी केव्हाच मान्य केले आहे. त्यांतून निघालेला नफा वाटून घेण्याची गोष्ट काढली की मात्र ते गप्प होतात. बँटमचा इतिहास कामगाराने विसरू नये, तो याचसाठी.