वाघनखांची कमिट हिस्टरी

आम्हा आयटीवाल्यांचं एक बरं असतं. कोडची अमुक ओळ कोणी लिहिली, कधी बदलली, सगळं लॉगमध्ये सापडतं. बग निघाला की पहिलं काम म्हणजे हिस्टरी उघडून बघायची की हा उद्योग कोणाचा! म्युझियमवाल्यांचाही असाच एक प्रकार आहे, त्याला 'प्रोव्हेनन्स' म्हणतात. एखादी वस्तू घडली तेव्हापासून काचेच्या कपाटात येईपर्यंत कोणाकोणाच्या हातातून गेली, त्याची साखळी. मधली एक जरी कडी गायब असली तरी संशय घ्यायचा.

हा संशय घ्यायला युरोपला शिकवलं ते नाझींच्या लुटीने. १९३३ ते १९४५ या काळात ज्यू कुटुंबांची चित्रं, चांदी, पुस्तकं, सगळं गेलं. काही सरळ जप्त झालं, तर काही 'विकलं'. म्हणजे देश सोडून पळण्यासाठी पैसे हवेत, म्हणून मिळेल त्या भावात फुंकून टाकलं. कागदावर पावती आहे, सही आहे, पण तो व्यवहार खरा म्हणायचा का? डिसेंबर १९९८ मध्ये वॉशिंग्टनला ४४ देशांनी काही तत्त्वं मान्य केली. म्युझियमांनी आपापले संग्रह तपासावेत, सापडेल ते जाहीर करावं आणि वारसांशी न्याय्य तोडगा काढावा. कायद्याने बंधनकारक नाही, पण तेव्हापासून चित्रांच्या पाठी उलटून शिक्के बघणं हा एक रीतसर पेशाच झाला.

आता गंमत बघा. नाझींनी १९३७-३८ मध्ये जर्मनीतल्याच सरकारी म्युझियमांमधून 'भ्रष्ट' ठरवलेली आधुनिक कला उचलली. (ही वरच्या लुटीपेक्षा वेगळी भानगड, लोक दोन्हींची गल्लत करतात.) गोबेल्सच्या खात्याने १९४२ च्या सुमारास तिची यादी टाईप केली. १६,००० हून जास्त कलाकृती, गावानुसार, म्युझियमनुसार लावलेल्या. पुढे एकेक अक्षर: हे विकलं, हे अदलाबदलीत गेलं, हे नष्ट केलं. या यादीची एकमेव ज्ञात पूर्ण प्रत आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. १९९६ साली एका आर्ट डीलरच्या पत्नीने ती दिली. म्युझियमने ती नेटवर टाकली, कोणीही बघावी. शिवाय नाझी काळात हात बदललेल्या वस्तूंचा माग काढायला २०१८ मध्ये एक खास अभ्यासकही नेमला.

आणि याच म्युझियममध्ये आपली ती वाघनखं!

३ ऑक्टोबर २०२३ ला महाराष्ट्र सरकारने लंडनमध्ये करार केला, जुलै २०२४ मध्ये वाघनखं साताऱ्याला आली. तीन वर्षांसाठी, उसनी. बातम्यांत जल्लोष होता. पण म्युझियमने मात्र आधीपासून स्वच्छ लिहून ठेवलंय की ही महाराजांचीच, याची खात्री करता आलेली नाही. कोल्हापूरचे इंद्रजित सावंत हेच सांगत होते, तर त्यांच्यावरच लोक चिडले.

मग पुरावा आहे तरी काय? एक डबी. स्कॉटलंडमध्ये बनवलेली. तिच्यावर लिहिलंय त्याचा मतितार्थ असा, की मोगल सेनापतीला ठार करणारी ही शिवाजीची वाघनखं, ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना त्यांना मराठ्यांच्या पेशव्याच्या पंतप्रधानाने दिली. आता हे कोड रिव्ह्यूला आलं असतं तर मी दोन ठिकाणी लाल रेघ मारली असती. अफझलखान मोगल नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा. आणि पेशवा हाच मुळात पंतप्रधान, मग पेशव्याचा पंतप्रधान कोण? ज्या ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास छापला, तो असल्या चुका करेल असं वाटत नाही. हा मजकूर घरातल्या दुसऱ्याच कोणीतरी घातला असावा, असं माझं आपलं मत. म्युझियम एक शक्यता सांगतं की १८१८ मध्ये शरण जाताना दुसऱ्या बाजीरावाने ती दिली असतील. पण बाजीराव शरण गेला तो जॉन माल्कमला, तिकडे असीरगडाच्या बाजूला. साताऱ्याला नव्हे. पुढे १९७१ मध्ये डफच्या वंशजाने वाघनखं म्युझियमला दिली. १६५९ चं प्रतापगड ते १८१८ चा सातारा, मधल्या १५९ वर्षांचा लॉग रिकामा.

शिवाय 'दिली' म्हणजे काय हो? नुकतंच राज्य जिंकलेल्या कंपनीचा माणूस समोर बसलाय आणि आपण 'भेट' देतोय. नाझी काळातल्या पावत्यांना जो प्रश्न विचारतात तो इथेही विचारता येतोच की. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणत नाही, प्रश्न सारखा आहे.

मी मूळचा कंधारचा. राष्ट्रकूटांचं जुनं ठाणं, भुईकोट किल्ला, जगत्तुंग समुद्र तलाव. तिथे क्षेत्रपालाच्या एका अवाढव्य मूर्तीचे तुकडे मिळालेत, पाऊल बघितलं तरी छाती दडपते. ते एवढे जड की चोर नेणार नाहीत. पण मराठवाड्यात गावोगाव लिंबाखाली, बारवेच्या पायरीवर, शेंदूर फासलेल्या छोट्या मूर्ती आहेत, त्यांचं काय? तमिळनाडूतल्या श्रीपुरंतनचा नटराज २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने ५० लाख डॉलरला घेतला. २०१४ मध्ये तो परत आला. का, तर पुद्दुचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने १९९४ मध्ये देवळात त्याचा फोटो काढून ठेवला होता, फोटोतली आणि गॅलरीतली मूर्ती जुळली. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात नोंदणी आहे, पण पारावरच्या वीरगळाची नोंदणी करायला जाणार कोण?

तर, दिवाळीला गावाकडे जाणार असाल तर एक काम करा. मोबाईल आहेच. देवळातल्या, पारावरच्या, मळ्यातल्या मूर्तींचे फोटो काढा, चारही बाजूंनी, शेजारी एक पट्टी ठेवून. तारीख आणि गावाचं नाव टाका. पुजाऱ्याला आधी विचारा मात्र, आमच्याकडे काही ठिकाणी फोटो काढलेला चालत नाही.