फुकट की विकत? घरच्या अँटिव्हायरसचा जुना हिशेब

मागच्या व्याख्यानानंतर एका सेवानिवृत्त शिक्षिकांनी आम्हाला एक प्रश्न पाठवला. नातीसाठी त्यांनी लॅपटॉप घेतला होता. महिना झाला आणि पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट आली, ‘तुमचं संरक्षण संपलं आहे’. दुकानदार म्हणाला, तीन वर्षांचं पॅक घेऊन टाका, कटकट नको. भाचा म्हणाला, मावशी, पैसे कशाला घालवतेस, फुकटातलं मस्त मिळतं, मी टाकून देतो. बाईंचा प्रश्न एका ओळीचा होता, या दोघांतलं खरं कोण बोलतंय?

आता वैद्याला विचारलं की तो नाडी बघतो, आम्हाला विचारलं की आम्ही सनावळ्या बघतो. पण इथे त्याचा उपयोग आहे. कारण दुकानदार आणि भाचा दोघंही जे बोलत होते ते कधीतरी, कुठेतरी खरं होतं. कधी आणि कुठे, ते आज बघू.

मजा अशी आहे की फुकट आणि विकतचं हे भांडण अँटिव्हायरसच्याही आधीचं आहे. ते खुद्द व्हायरसच्या जन्मातच आहे. १९८६ साल, लाहोर. बासित आणि अमजद फारूक अल्वी हे दोघे भाऊ संगणकाचं दुकान चालवत होते. त्यांनी डॉक्टरांसाठी एक प्रोग्राम लिहिला होता आणि लोक त्याच्या फुकट नकला करून वापरत होते. या नकला कुठवर जातात ते कळावं म्हणून आपण हा उद्योग केला, असं त्यांनी पुढे सांगितलं. त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला, तो फ्लॉपीच्या सुरुवातीच्या भागात जाऊन बसायचा आणि एका फ्लॉपीवरून दुसरीवर उडी मारायचा. त्याचं नाव ‘ब्रेन’. आयबीएम पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस तो हाच. आणि त्यात या भावांनी स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर सगळं लिहून ठेवलं होतं! आज एखादा व्हायरस लिहिणारा आपलं व्हिजिटिंग कार्ड आत ठेवेल का? पण ते दिवस तसे होते. मग परदेशातून फोन यायला लागले, आमच्या संगणकात हे काय घुसलंय म्हणून.

याच सुमाराला अमेरिकेत फ्रेड कोहेन नावाचा संशोधक या विषयावर काम करत होता. १९८४ च्या आपल्या निबंधात त्याने गणिताने दाखवलं, की प्रत्येक व्हायरस अचूक ओळखेल आणि निर्दोष प्रोग्रामवर कधीच आळ घेणार नाही असा प्रोग्राम लिहिताच येणार नाही. अवघड आहे असं नव्हे, अशक्य आहे. हे आम्ही मुद्दाम सांगतोय, कारण ‘शंभर टक्के सुरक्षा’ असं कुठल्याही खोक्यावर छापलेलं दिसलं तर ते १९८४ पासून खोटं आहे.

मग अँटिव्हायरसवाले विकतात काय? ते विकतात रतीब. दूध एकदा विकत घेऊन वर्षभर पुरत नाही, तसं हे आहे. रोज नवे व्हायरस येणार, कुणीतरी ते गोळा करणार, त्यांची ओळखचिन्हं काढणार, ती तुमच्या यंत्रापर्यंत पोचवणार. आणि रतिबाला रोजचा खर्च आहे. तेव्हा ‘फुकट’ म्हटलं की आम्ही एवढंच विचारतो, तुम्ही देत नाही म्हणता, मग दुधाचे पैसे देतंय कोण?

पहिलं उत्तर जॉन मॅकॅफीने दिलं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात त्याने आपली कंपनी काढली. फोनच्या तारेवरून जोडल्या जाणाऱ्या बुलेटिन बोर्डांवर त्याने आपलं ‘व्हायरसस्कॅन’ ठेवून दिलं, ज्याला हवं त्याने उतरवून घ्यावं. घरी वापरणाऱ्यांच्या मागे तो लागला नाही. पण तीच माणसं उद्या ऑफिसात जाऊन तेच वापरणार हे त्याला ठाऊक होतं, आणि ऑफिसांकडून त्याने परवान्याचे पैसे घेतले. म्हणजे घरच्या रतिबाचे पैसे कचेरी देत होती. हिशेब सरळ होता.

सरळ नव्हती ती भीती. १९९२ च्या सुरुवातीला ‘मायकेलअँजेलो’ या व्हायरसची बातमी पसरली. ६ मार्चला, त्या कलाकाराच्या जन्मदिवशी, हा व्हायरस डिस्कवरची माहिती पुसून टाकणार होता. पन्नास लाखांपर्यंत संगणक जातील असे आकडे वर्तमानपत्रांत आले, आणि ते आकडे मॅकॅफीच्या नावावर होते. लोकांनी दुकानांत रांगा लावल्या. ६ मार्च उजाडला, मावळला, आणि नुकसान झालेली यंत्रं त्या आकड्याच्या जवळपासही नव्हती. पण विकायचं ते विकून झालं होतं. त्याच वर्षी मॅकॅफीची कंपनी शेअर बाजारात आली. लाल चौकटीचं कूळ शोधायचं तर ते इथपर्यंत जातं.

आता आपल्याकडे येऊ. कारण महाराष्ट्रात या धंद्याची एक वेगळीच शाखा फुटली. रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, पुढे संगणक दुरुस्त करायला लागले. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत बिघाड पुष्कळदा तारेचा नसायचा, व्हायरसचा असायचा. संजय यांनी ते साफ करणारी साधनं लिहिली, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्यातून ‘क्विक हील’ उभं राहिलं. २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात गेली. लाहोरला दोन भाऊ, पुण्याला दोन भाऊ, दोघांचीही सुरुवात दुकानातून. इतिहास कधीकधी असले खेळ करतो.

पण आम्हाला महत्त्वाची वाटते ती त्यांची विकण्याची पद्धत. गल्लीतला संगणक दुरुस्त करणारा, तोच विक्रेता. खोकं, आत सीडी, सीडीसोबत की. इंटरनेट घरोघरी नव्हतं, कार्डाने पैसे भरायची सवय नव्हती, आणि अडलं तर मराठीत किंवा हिंदीत विचारायला समोर माणूस होता. तेव्हा खोक्याच्या किमतीत तो माणूसही आला होता. दुकानदार बाईंना जे सांगत होता त्याची मुळं या काळात आहेत, आणि त्या काळात तो सल्ला चुकीचा नव्हता.

अर्थात तेव्हा तिसराही प्रकार होता, त्याबद्दल कुणी बोलत नाही. विकतचं, पण फुकट! आम्हीही त्यातलेच, लपवून काय करायचं. २००० नंतरच्या काही वर्षांत आमच्या घरच्या संगणकात एक नामवंत अँटिव्हायरस होता आणि त्याची की मित्राने दिलेल्या सीडीवरच्या ‘क्रॅक’मधून आली होती. त्या क्रॅकनेच यंत्रात असा काही पाहुणा सोडला, की एका पुस्तकाच्या टिपणांची दोन वर्षं गेली. राखणदार चोरून आणला आणि त्याच्या पाठीवर चोर बसून आला.

आता प्राग. भाचा ज्या फुकटच्या अँटिव्हायरसबद्दल बोलत होता, त्याची कथा इथली आहे आणि ती जरा सावकाश ऐकायला हवी. १९८८ साली पावेल बाउदिश या चेक संशोधकाच्या हाती ‘व्हिएन्ना’ नावाच्या व्हायरसची फ्लॉपी लागली. त्याने तो काढणारा प्रोग्राम लिहिला. एदुआर्द कुचेरा या सहकाऱ्याबरोबर त्याने संस्था काढली, पण कम्युनिस्ट राजवटीत खासगी कंपनीला परवानगी नव्हती म्हणून ती निघाली सहकारी संस्था म्हणून. सहकारातून अँटिव्हायरस, हे आपल्या लोकांना ऐकायला बरं वाटेल. पुढच्याच वर्षी राजवट कोसळली आणि संस्थेची कंपनी झाली. तिचं उत्पादन ‘अव्हास्ट’. नव्वदच्या दशकात मोठ्या अमेरिकी कंपन्यांपुढे ती पार थकली होती. मग २००१ मध्ये त्यांनी घरच्या वापरासाठी आपलं अँटिव्हायरस फुकट देऊन टाकलं. जवळच्याच ब्रनो शहरातलं ‘एव्हीजी’, जर्मनीतलं ‘अव्हीरा’ हेही याच वाटेने गेले. शंभरातल्या मूठभरांनी जास्तीच्या सोयींसाठी पैसे भरले तरी बाकीच्यांचा रतीब निघायचा. शिवाय जितकी यंत्रं जास्त, तितके नवे व्हायरस लवकर सापडणार. फुकट वापरणारा माणूस नकळत पहारेकरीही होता. हा सौदा आम्हाला आजही प्रामाणिक वाटतो. २०१६ मध्ये अव्हास्टने एव्हीजी विकत घेतली तेव्हा दोघांचे मिळून ४० कोटी वापरकर्ते असल्याचं सांगितलं गेलं.

आणि मग दूधवाल्याने घरात डोकावायला सुरुवात केली. अव्हास्टची ‘जम्पशॉट’ नावाची एक उपकंपनी होती. लोक कुठल्या संकेतस्थळावर जातात, काय शोधतात, कशावर क्लिक करतात ही माहिती अँटिव्हायरसच्या आणि त्याच्या ब्राउझरमधल्या जोडणीच्या वाटेने गोळा व्हायची आणि जम्पशॉट ती विकायची. नावं काढून टाकली आहेत, असं सांगितलं जायचं. पण माणूस रोज कुठली दारं ठोठावतो ते सगळं हातात असेल तर त्याचं नाव शोधायला कितीसा वेळ लागतो? आजार, कर्ज, धर्म, राजकारण, सगळं त्यात दिसतं. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी हे उघड केलं, काही दिवसांतच जम्पशॉट बंद झाली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी अशी माहिती विकण्यावर बंदी घातली. आयोगाच्या म्हणण्यानुसार शंभराहून अधिक खरेदीदारांना ही माहिती गेली होती. ज्याला चोर येऊ नये म्हणून दारात बसवला, तोच घरात कोण आलं-गेलं याची वही बाजारात विकत होता.

भाच्याचा मुद्दा इथे पडतो असं वाटेल. थोडं थांबा. २०२१ मध्ये ‘नॉर्टन ३६०’ या विकतच्या अँटिव्हायरसमध्ये कंपनीने एक नवी सोय घातली, तुमच्या संगणकाकडून क्रिप्टो चलन खणून घेण्याची. चालू करायची की नाही ते तुमच्या हातात होतं, पण चालू केली तर वीज तुमची, यंत्र तुमचं, आणि कमाईतले १५ टक्के कंपनीचे. पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकालाही हे! लोकांनी आरडाओरडा केला, ती नंतर बंद झाली. त्याही आधी, २००९ मध्ये, न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने सिमँटेक आणि मॅकॅफी या दोन्ही कंपन्यांना प्रत्येकी ३ लाख ७५ हजार डॉलर भरायला लावले होते, कारण गिऱ्हाइकांना नीट न सांगता त्यांच्या कार्डावरून पुढच्या वर्षाचे पैसे आपोआप कापले जात होते. आणि २०२२ मध्ये नॉर्टन आणि अव्हास्ट एक झाल्या. आज नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी, अव्हीरा, चारही ‘जेन डिजिटल’ या एकाच छपराखाली आहेत. दुकानात तुम्ही ज्याची तुलना करता, ते फुकट आणि ते विकत, पुष्कळदा एकाच घरातलं असतं.

राहिला मायक्रोसॉफ्ट. २००६ मध्ये त्यांनी ‘वनकेअर’ वर्षाला जवळपास ५० डॉलरला विकायला काढलं, ते चाललं नाही. २००९ मध्ये ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ फुकट दिलं, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ या नावाने अँटिव्हायरस विंडोजमध्येच येऊ लागलं. सुरुवातीला ते कच्चं होतं, यात वाद नाही. २०१२ च्या शेवटी जर्मनीतल्या ‘एव्ही-टेस्ट’ या चाचणी संस्थेच्या परीक्षेत इसेन्शियल्स नापास झालं होतं. ‘विंडोजचं आपलं असंच असतं’ हे वाक्य तेव्हाचं आहे. पण त्याच संस्थेच्या चाचण्यांत २०१८ च्या सुमारापासून डिफेंडर वरच्या गुणांत येऊ लागलं. गुण बदलले, वाक्य मात्र तसंच राहिलं. इथे रतिबाचे पैसे तुम्ही लॅपटॉप घेताना विंडोजच्या किमतीत भरलेले असतात.

एक गोष्ट राहिली. मे २०१७ मधला ‘वॉनाक्राय’ आठवतो का? ब्रिटनमधली इस्पितळं ठप्प झाली होती. तो ज्या भोकातून घुसला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं, दोन महिने आधी. ज्यांनी ते घेतलं होतं त्यांच्या यंत्रात तो त्या वाटेने शिरू शकला नाही, मग अँटिव्हायरस कुठलंही असो.

तर बाईंना आम्ही जे लिहिलं ते असं. लॅपटॉपमध्ये विंडोज ११ आहे, म्हणजे त्याला अजून अपडेट मिळतात. विंडोज १० असतं तर उत्तर वेगळं असतं, कारण त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ती लाल चौकट लॅपटॉपसोबत आलेल्या महिनाभराच्या नमुन्याची आहे. तो नमुना काढून टाका, म्हणजे डिफेंडर आपोआप कामाला लागेल, लागलं की नाही ते मात्र एकदा उघडून बघा. अपडेट पुढे ढकलू नका. नातीच्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. भाच्याला म्हणावं, दुसरं काही टाकू नकोस. पैसे खर्चायचेच असतील तर ते कशासाठी, हे आधी ठरवा. अडल्यावर येऊन बघणारा जवळचा माणूस हवा असेल, किंवा नातीच्या वापरावर लक्ष ठेवायच्या सोयी हव्या असतील, तर विकतचं घेण्यात काही चूक नाही. पण एकेक वर्षाचं घ्या, आणि ‘आपोआप नूतनीकरण’ची खूण त्याच दिवशी काढा.

बाईंचं उत्तर आलं. नमुना काढायला गेल्या तर लॅपटॉपमध्ये दोन अँटिव्हायरस निघाले, भाच्याने एक आधीच टाकून ठेवलं होतं. दोन्ही काढले. दुकानदाराला त्यांनी सांगितलं, त्या पैशात मला बाहेरची डिस्क द्या.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून हात वर आलाय, हां, बोला.